फी आणि भाकरी : शिष्यवृत्तीच्या जमाखर्चातील एक दुर्लक्षित रकाना

शिक्षणसंस्थांचे आणि वसतिगृहांचे जुने वार्षिक अहवाल जमवण्याचा मला गेली पंचवीस वर्षे नाद आहे. रद्दीच्या दुकानात, सार्वजनिक वाचनालयांच्या माळ्यावर, कधी एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या ट्रंकेत ते सापडतात. अहवालाच्या सुरुवातीला संस्थापकांची छायाचित्रे असतात, मग पाहुण्यांचे अभिप्राय आणि शेवटी जमाखर्च. बहुतेक वाचक छायाचित्रांपाशी थांबतात. मी मागच्या पानापासून वाचायला लागतो. कारण ज्वारी, डाळ, सरपण, रॉकेल, स्वयंपाक्याचा पगार हे रकाने तिथे असतात, आणि गरीब घरातला मुलगा कॉलेजात टिकला की नाही, हे पुष्कळदा त्याच रकान्यांवरून कळते.

महाराष्ट्रातील वंचितांच्या उच्च शिक्षणाचा इतिहास आपण साधारणपणे प्रवेशाचा इतिहास म्हणून लिहितो. कोणाला दार कधी उघडले, राखीव जागा कधी आल्या, फी कधी माफ झाली. हे सगळे महत्त्वाचे आहेच. पण जमाखर्चाची मागची पाने वाचत गेल्यावर माझे मत असे झाले आहे की या इतिहासात फी आणि भाकरी असे दोन वेगळे प्रवाह आहेत. ज्यांनी हे काम हाताने केले त्यांनी भाकरीचा प्रश्न आधी घेतला. पुढे सरकारी पैसा वाढला, तसा तो फीकडे वळत गेला आणि भाकरीचा रकाना आकसत गेला. हा बदल कसा झाला, तेच या लेखात मांडायचे आहे.

*

सुरुवात १८८२ पासून करावी लागते. त्या वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी जे निवेदन केले, ते प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी प्रसिद्ध आहे. सरकारी तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः रयतेच्या घामाचा, आणि तो खर्च होतो मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पण त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांविषयी एक छोटा परिच्छेद आहे, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. फुले म्हणतात की स्पर्धेतून शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत दिसायला न्यायाची असली, तरी तिच्यामुळे मागासलेल्या वर्गांत विद्या पसरत नाही. ज्या जातींत शिक्षणाचा शिरकावच झालेला नाही, त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या वेगळ्या ठेवाव्यात.

शिष्यवृत्ती हे गुणाचे बक्षीस मानायचे की गरजेचा पुरवठा, हा वाद आजही संपलेला नाही. फुल्यांनी तो १८८२ मध्ये नेमक्या शब्दांत मांडला होता. बक्षीस मानले तर रक्कम नाममात्र असली तरी चालते आणि परीक्षेनंतर मिळाली तरी चालते. गरज मानली तर मात्र रक्कम पुरेशी हवी आणि ती वेळेवर हवी. पुढच्या सगळ्या इतिहासाला ही कसोटी लावता येते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी ही कसोटी आपल्या पद्धतीने ओळखली. १९०२ च्या जुलैमध्ये काढलेला पन्नास टक्के राखीव नोकऱ्यांचा जाहीरनामा सर्वांना ठाऊक असतो. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. नोकऱ्या राखून ठेवायच्या तर त्या घेणारी शिकलेली मुले हवीत, आणि खेड्यातला मुलगा शहरात शिकायचा तर त्याला आधी पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे जेवण हवे. त्यापूर्वी सर्व जातींसाठी म्हणून काढलेल्या वसतिगृहात ब्राह्मणेतर मुले टिकत नाहीत, हा अनुभव दरबाराच्या गाठीशी होता. दार उघडे होते, पण आतल्या पंगतीत जागा नव्हती. म्हणून मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे राहिले. दरबाराने जागा दिल्या, इमारतींना मदत केली, वार्षिक नेमणुका बांधून दिल्या.

जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातिभेद पक्के केले, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण ज्या शहरात महाराच्या मुलाला कोणी भाड्याने खोली देत नव्हते आणि कोणत्याही खाणावळीत त्याला पाट मिळत नव्हता, तिथे त्याच्यापुढे दुसरा पर्याय काय होता, हेही विचारायला हवे. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, ते कौतुकाने. मला त्यात एक साधा प्रशासकीय शहाणपणा दिसतो. या राजाने शिक्षणखर्चाच्या हिशेबात भाकरी धरली होती.

*

शिष्यवृत्ती पुरेशी आणि वेळेवर असली तर काय होते आणि मध्येच थांबली तर काय होते, याचे सर्वांत मोठे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचेच आहे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा २५ रुपये दिले. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाने कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. न्यूयॉर्कमधल्या त्या वर्षांत बाबासाहेबांनी किती वाचले, किती विषय घेतले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या वाचनामागे दर महिन्याला ठरलेल्या वेळी येणारी एक रक्कम होती, हे सांगायचे राहून जाते.

तिथून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. तो पुरा करण्यासाठी ते पुन्हा लंडनला पोहोचले १९२० मध्ये. सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची शिल्लक, नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज आणि शाहू महाराजांची मदत एवढ्या बळावर. मधली तीन वर्षे गेली. ज्यांना परत जाता आले नाही, त्यांची नावे कोणत्याच चरित्रात नसतात.

१९२५ च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले, ते मला या अनुभवाचा सरळ परिणाम वाटतो. चळवळ नुकती उभी राहत होती, पैसा नव्हता, तरी पहिल्या कामांत एक काम निवडले गेले ते मुलांच्या जेवणाराहण्याचे.

याच सुमारास सातारा जिल्ह्यात भाऊराव पाटील तोच प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवत होते. १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळाले. मुलांनी घरून धान्य आणायचे, शेतात राबायचे, गावोगाव धान्य गोळा करायचे, यावर ते चाले. बोर्डिंगातल्या मुलांची चूल पेटती ठेवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले, ही हकिगत महाराष्ट्राला माहीत आहे. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा 'कमवा आणि शिका' हे तत्त्व उच्च शिक्षणापर्यंत पोहोचले.

या योजनेचा गौरव करताना तिची मर्यादाही नोंदवायला हवी. जो मुलगा दिवसाचे चार तास कुदळ चालवतो, त्याचे ते चार तास अभ्यासातून वजा होतात. घरून पैसे येणाऱ्या मुलाचे होत नाहीत. सरकारचा हात आखडता होता तेव्हा लोकांनी काढलेली ती वाट होती. सरकारची जबाबदारी तिच्यामुळे संपत नव्हती.

*

ती जबाबदारी सरकारच्या दारात नेऊन ठेवली ती बाबासाहेबांनीच. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य असताना, त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सादर केले. त्यातला शिक्षणाचा भाग आजही मुळातून वाचावा असा आहे. कला आणि कायदा यांचे शिक्षण आमची मुले कशीबशी घेतील, पण विज्ञान आणि तंत्रशास्त्र यांचे शिक्षण त्यांच्या ऐपतीबाहेरचे आहे, आणि पुढचा काळ त्याच शिक्षणाचा आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणून केंद्र सरकारने आपल्या तिजोरीतून शिष्यवृत्त्या द्याव्यात.

त्यातून १९४४-४५ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. काही वर्षांतच ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. पहिल्या वर्षीचे लाभार्थी मोजकेच होते. पण योजनेची घडण नीट पाहावी. तिच्यात परत न मिळणारी फी होती आणि तिच्या जोडीला दरमहा निर्वाह भत्ता होता. वसतिगृहात राहणाऱ्याला जास्त, घरून येणाऱ्याला कमी. फी आणि भाकरी एकाच कागदावर आली होती.

सरकारी योजना आली म्हणून बाबासाहेब संस्था काढायचे थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेही नोकरी करून शिकणाऱ्यांना जमेल अशा सकाळच्या वेळेत. १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज निघाले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात खेड्यातल्या गरीब मुलाला पदवीपर्यंत नेणारी सोय जवळजवळ नव्हतीच. कॉलेज, वसतिगृह आणि सरकारी शिष्यवृत्ती ही तिन्ही एका ठिकाणी आली तेव्हा काय घडले, हे या अंकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. प्र. ई. सोनकांबळे याच परिसरात शिकले आणि शिकवू लागले. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' याच वातावरणात रुजले. मुंबईत वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहात जमणाऱ्या तरुणांचा १९७२ च्या दलित पँथरशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. आपण दलित साहित्याची चर्चा प्रेरणा, विद्रोह, भाषा या अंगांनी करतो. त्याला आणखी एक अंग आहे. महिन्याकाठी मिळालेला निर्वाह भत्ता आणि वसतिगृहातली एक खाट नसती, तर यातली किती पुस्तके लिहिली गेली असती?

*

संयुक्त महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर, १९५९ मध्ये, यशवंतराव चव्हाण यांच्या मंत्रिमंडळाने आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी फी माफीची योजना आणली. तिलाच आपण ईबीसी सवलत म्हणतो. शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. सुरुवातीला वार्षिक ९०० रुपये आणि नंतर १२०० रुपये उत्पन्नाची मर्यादा होती. शेतकरी, बलुतेदार, कारकून यांच्या घरातली एक अख्खी पिढी या सवलतीवर पदवीधर झाली. तेव्हा कॉलेजे सरकारी किंवा अनुदानित होती आणि प्राध्यापकांचा पगार सरकार देत असे. त्यामुळे फी मुळातच लहान होती आणि ती माफ करणे तिजोरीला फार जड नव्हते. पण ही सवलत फीपुरतीच होती. जेवणाराहण्याचे काय, हा प्रश्न तिने घरच्यांवर किंवा बोर्डिंगांवर सोडला. फी आणि भाकरी यांची पहिली फारकत मला इथे दिसते.

दुसरी फारकत १९८३ नंतरची. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढायला परवानगी दिली. राज्यातली मुले पैसे भरून परराज्यांत जात होती. ती इथेच शिकू लागली आणि जागा झपाट्याने वाढल्या, हे खरे. पण अनुदान नाही याचा अर्थ संस्थेचा सगळा खर्च विद्यार्थ्याच्या फीतून निघणार. देणग्यांचा सुळसुळाट इतका झाला की १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा सरकारी दराने, निम्म्या जास्त फीने, अशी वाटणी घालून दिली. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात मोठ्या खंडपीठाने ती रद्द केली. त्यानंतर संस्थेच्या खर्चावर आधारलेली फी समितीने ठरवायची आणि राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांची फी सरकारने संस्थेला भरून द्यायची, अशी व्यवस्था रूढ झाली.

या व्यवस्थेची यंत्रणा समजून घेतली, की भाकरीचा रकाना का आकसला ते कळते. संस्थेचा खर्च वाढला की फी वाढते, आणि फी वाढली की सरकारची प्रतिपूर्ती आपोआप वाढते. तो वाढवून घेण्यासाठी संस्थांचा पाठपुरावा असतो, समिती असते, न्यायालये असतात. निर्वाह भत्ता मात्र आपोआप वाढत नाही. त्याच्या पाठीशी कोणीच नसते.

आकडे बोलके आहेत. २०१० मध्ये केंद्राने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे दर सुधारले, तेव्हा वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमानुसार दरमहा ३८० ते १२०० रुपये मिळू लागले. ३८० रुपये म्हणजे दिवसाला तेरा रुपयांहून कमी. त्यानंतरची सुधारणा २०२१ मध्ये लागू झाली. आता वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला वर्षाला ४,००० ते १३,५०० रुपये मिळतात. शैक्षणिक वर्षाचे दहा महिने धरले, तर जुन्या दराने ही रक्कम ३,८०० ते १२,००० होत होती. म्हणजे दशकभरात तळच्या गटाची वाढ २०० रुपयांची. उत्पन्नाची मर्यादा २०१३ मध्ये अडीच लाख झाली, ती पुढची दहा वर्षे तिथेच राहिली.

दिरंगाईलाही अशीच यंत्रणा आहे. पंचवार्षिक योजनांच्या काळात असा नियम होता, की आधीच्या योजनेच्या शेवटच्या वर्षी जितका खर्च झाला असेल तितका भार राज्याने उचलायचा आणि त्यावरचा केंद्राने द्यायचा. २०१७ मध्ये बारावी योजना संपली आणि नियमानुसार बहुतेक सगळा बोजा राज्यांवर आला. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राचा देशभरातला वाटा वर्षाला सरासरी ११०० कोटींच्या आसपास उरला. अनेक राज्यांत रकमा तुंबल्या. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ६०:४० हे प्रमाण ठरवून पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली, तेव्हा ही कोंडी फुटली. मधल्या वर्षांत शिकणारी मुले मात्र मधल्या वर्षांतच उपाशी होती.

भाकरीचा प्रश्न दाबला तरी तो रस्त्यावर येतोच. २०१८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांचा संप झाला, तो वसतिगृह आणि भोजनगृहाच्या शुल्कातली सवलत काढल्यामुळे. त्याच वर्षी आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात टाकण्याचा निर्णय झाला, तेव्हा जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे उशिरा आले तर त्या महिन्यात जेवायचे काय, एवढाच त्यांचा सवाल होता.

सरकारला हे अजिबात कळले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या स्वाधार योजनेत वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले; त्यातले ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे, ८,००० निर्वाहाचे. रकान्यांची ही फोड वाचली तेव्हा मला जुन्या बोर्डिंगांचे जमाखर्च आठवले. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही तशीच 'स्वयम्' योजना आहे. २०२४ च्या जुलैमध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण फी माफ झाली, हेही मोठे पाऊल आहे. पण खेड्यातून आलेल्या त्या मुलीने शहरात राहायचे कुठे, हा १९०१ सालचा प्रश्न तिच्यापुढे आहेच.

*

हे सगळे मी का शोधत बसलो, ते शेवटी सांगितले पाहिजे. १९८६ मध्ये मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. माझी फी माफ होती आणि शिष्यवृत्ती मंजूर होती. जूनपासून खानावळीची उधारी चढत गेली. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा वडिलांकडे मागण्यासारखे काही नव्हते. परत गेलो ते सामान आणायला. तालुक्याच्या छापखान्यात खिळे जुळवायला लागलो, आणि जे काही शिकलो ते तिथे हाताखालून गेलेल्या मजकुरातून. मार्चमध्ये एका मित्राने निरोप दिला, की नोटीस बोर्डावर शिष्यवृत्तीच्या यादीत तुझे नाव लागले आहे. सरकारी कागदावर मी आजही लाभार्थी असेन. खानावळवाल्या काकूंचे पैसे मी पुढच्या वर्षी पगारातून फेडले.

म्हणून कोणताही अहवाल हाती आला की मी रकमेच्या शेजारी तारीख शोधतो. आता सगळे अर्ज संगणकावर भरले जातात. प्रवेशाची तारीख आणि पैसे खात्यात पडल्याची तारीख या दोन्ही तिथे नोंदलेल्या असतात. दरवर्षी किती कोटी वाटले, हे सरकार जाहीर करते. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घालावा : प्रवेशानंतर किती दिवसांनी. तो जिल्हावार छापावा. भत्त्याचा दर महागाईच्या निर्देशांकाशी जोडावा, नोकरदारांचा जोडलेला असतो तसा. आणि पहिला हप्ता जूनमध्ये द्यावा. फीची प्रतिपूर्ती मागून आली तरी संस्थेची चूल विझत नाही.

माझ्याकडच्या अहवालांत एका बोर्डिंगाचा जुना जमाखर्च आहे. त्यात वर्षाच्या पहिल्याच महिन्यात, सरकारी ग्रँट यायच्या कितीतरी आधी, ज्वारीची खरेदी दाखवली आहे. उधारीवर. पुढे ग्रँट आल्यावर ती चुकती केल्याची नोंद आहे. मुले येण्यापूर्वी कोठीत धान्य भरायचे, हे त्या चालकांना कोणी शिकवले नसावे.